आत येणाऱ्यांची मोजणी

गल्लीत त्याला सगळे बॅटरी म्हणत. सत्तावीस वर्षं तो कोपऱ्यावरच्या थिएटरात डोअरकीपर होता, आणि उशिरा येणाऱ्या प्रेक्षकाला अंधारात बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत नेऊन बसवणं ही त्याची नोकरी होती. थिएटर बंद पडलं, बॅटरीतले सेल गंजून गेले, तरी नाव काही सुटलं नाही. थोरली बहीण अक्का तेवढी रागावली की त्याला खऱ्या नावानं हाक मारी, आणि मग शेजारची माणसं हा कोण नवीन आला म्हणून खिडकीतून डोकावत.

डोअरकीपरचं काम लांबून सोपं वाटतं. तिकीट फाडायचं, एक अर्धुक प्रेक्षकाच्या हातात द्यायचं, दुसरं दाराशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. इंटरव्हलला माणसं बाहेर जाणार, सिगारेटी ओढणार, परत येताना अर्धुक दाखवणार. अर्धुक नसेल तर बॅटरी कुणाच्या बापाला आत सोडत नसे. भावोजी, म्हणजे अक्काचे यजमान, एकदा अर्धुक हरवून बसले तेव्हा त्यांना त्यानं उरलेला सिनेमा पायरीवर बसून नुसता ऐकायला लावला होता. शो सुटला की डब्यातली अर्धुकं मोजायची आणि आत किती डोकी होती ते सांगायचं. सत्तावीस वर्षांत त्याचा आकडा एकदाही चुकला नाही. शिक्षण बेताचं, लग्न राहून गेलेलं, अंगावर धड कपडा कधी चढला नाही. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. बॅटरी आपला आकडा मिरवायचा.

थिएटर पाडलं आणि त्या जागेवर नगरपालिकेनं मोठं थोरलं संमेलन भवन बांधलं. उद्घाटनाला भाषण झालं. लांबलांबून माणसं संमेलनांना येतील, आपल्याकडे राहतील, जेवतील, खरेदी करतील, शहरातल्या शेवटच्या दुकानापर्यंत पैसा झिरपेल. भाषण करणारा मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. कुणीतरी त्याच्या हातात कागद दिला होता, त्यानं तो वाचला. ऐकणाऱ्यांत गल्लीतले सगळे होते: चांभार, इस्त्रीवाला, चष्मेवाला, आणि पहिल्या रांगेत अक्का.

अक्काचं लॉज भवनाच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं. तळमजल्यावर तिची खोली आणि स्वयंपाकघर, जिन्याखाली बॅटरीची खाट, वरच्या दोन मजल्यांवर सहा खोल्या. भावोजी गेल्यावर त्या सहा खोल्यांवर अक्कानं स्वतःला आणि धाकट्या भावाला तारून नेलं होतं. राहणारे सगळे महिन्याच्या बोलीवरचे. इस्पितळातली एक नर्स, बँकेतले दोन कारकून, औषधांचा फिरता एजंट, छापखान्यातला रात्रपाळीचा एक कंपॉझिटर, आणि चार नंबरमध्ये भूगोलाचे निवृत्त मास्तर. मास्तर एकोणीस वर्षं त्या खोलीत होते. त्यांच्या भिंतीवरच्या नकाशात दोन-तीन देश असे होते, जे आता जगात उरले नव्हते.

भवनाच्या दारावर माणूस हवा होता. अक्कानं नगरपालिकेत खेटे घालून ती जागा बॅटरीला मिळवून दिली. नव्या मॅनेजरनं, गळ्यात टाय आणि डोळ्यांत झोप असलेल्या तरुणानं, त्याच्या हातात मुठीत मावेल एवढं एक यंत्र ठेवलं. अंगठ्यानं दाबलं की आकडा एकानं पुढे सरके. बॅटरी त्याला खटका म्हणू लागला.

“आत येणारा प्रत्येक माणूस, एकदा दाबायचं. एवढंच काम.”

“आणि साहेब, तोच माणूस बाहेर जाऊन परत आला तर?”

“आत आला ना? मग दाबायचं.”

“त्यांना काही अर्धुक वगैरे…”

“अहो काका, हे काय थिएटर आहे?”

“बरं. आणि बाहेर जाणारे?”

“बाहेर जाणाऱ्यांशी आपल्याला काय करायचंय?” मॅनेजर म्हणाला आणि फोनवर बोलत निघून गेला.

बॅटरीला ते पटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला पटलं नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे तो स्वतःला वेगळं काही सांगायला बघणार आहे. पण वय साठीला टेकलेलं, थिएटर सुटल्यापासून तीन वर्षं बहिणीच्या ताटात जेवत होता, आणि नोकरी मिळवायला तिनं कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवल्या ते त्यानं पाहिलं होतं. तो खटका दाबत राहिला.

आणि दाबायला लागला की बॅटरी कसा दाबणार? मन लावून. एक डोकं सुटता कामा नये. चहाची आणि जेवणाची सोय भवनाच्या अंगणातल्या मांडवात असे, म्हणून सगळेच्या सगळे सकाळच्या चहाला बाहेर येत, परत जात. जेवायला येत, परत जात. दुपारच्या चहाला येत, परत जात. मधूनमधून सिगारेट, मधूनमधून फोन. पुन्हा खुर्च्या लावणारे, वायरमन, झाडूवाल्या, पाण्याची पिंपं वाहणारे. सकाळी स्वतः कामावर आत शिरताना तो स्वतःसाठीसुद्धा एकदा दाबायचा. संध्याकाळी आकडा छापील तक्त्यावर लिहायचा आणि खाली झोकात सही करायची. उभ्या आयुष्यात त्याच्या सहीची कुणाला गरज पडली नव्हती, त्यामुळे सहीखाली तो एक रेघही ओढायचा.

मग घरी येऊन जेवायला बसला की अक्का विचारायची, “आज किती?”

“तीन हजार आठशे.”

“बाई गं!” अक्का म्हणायची आणि वाढायचा हात थांबायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. “आज चार हजार दोनशे.” तिच्या डोळ्यांत जे चमकायचं ते बॅटरीनं भावोजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आपल्या शब्दानं बहिणीचा चेहरा असा उजळतो, याचं त्याला सुख होत होतं. म्हणून तो आकडा सांगताना जरा घोळवूनच सांगायचा.

अक्कानं हिशेब मांडला तो सरळ होता. संमेलन असलं की भिंतीपलीकडे दिवसाला चार हजार माणसं येतात. त्यांतली सहा, फक्त सहा, आपल्याकडे झोपली तरी पुरे. महिन्याची माणसं कायम खोल्या अडवून बसली तर ती सहा येणार कुठून? तिनं आधी कारकुनांना जागा बघायला सांगितली. मग नर्सला. कंपॉझिटर आपणहून गेला. एजंटाच्या पेट्या त्याच्या कंपनीत पोचवल्या. नव्या गाद्या आल्या, आरसे आले, प्रत्येक खोलीत छोट्या साबणाची वडी आली, आणि दारावर पाटी लागली: ‘संमेलनाच्या प्रतिनिधींसाठी उत्तम सोय.’

मास्तरांना सांगायला तिला दोन महिने लागले. मास्तर म्हणाले, “अक्का, तुम्ही इतके दिवस ठेवून घेतलंत, हेच पुष्कळ.” नकाशाची गुंडाळी काखेत मारून ते जिना उतरले. बॅटरीनं त्यांची ट्रंक हातगाडीवर चढवली. मास्तरांनी जाताना चार नंबरची किल्ली अक्काच्या हातात न देता खिळ्याला अडकवली, रोज फिरायला जाताना अडकवत तशीच.

आता प्रतिनिधींचं ऐका. ते विमानतळाच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांत उतरायचे. तिथून काचबंद बसनं थेट भवनाच्या अंगणात यायचे. त्यांचं जेवण कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या गाडीतून यायचं, पिशव्या-पेनं कुठून छापून यायची, फुलंसुद्धा डब्यांतून बाहेरगावची यायची. शेवटच्या दिवशी तीच बस त्यांना विमानतळावर नेऊन सोडायची. टॅक्सीवाल्यांना थोडं काही मिळालं, आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या डोकेदुखीच्या गोळ्या जास्त खपल्या. नाही असं नाही. पण संमेलनाच्या दिवशी बंदोबस्तासाठी गल्लीच्या तोंडाला लोखंडी अडथळे लागायचे आणि नेहमीचं गिऱ्हाईकही आत येऊ शकायचं नाही. इस्त्रीवाल्यानं पहिल्या वर्षातच हात टेकले.

अठरा महिन्यांत अक्काच्या लॉजची पायरी दोन प्रतिनिधी चढले. एकाला फोन चार्ज करायचा होता. दुसऱ्याचं पोट बिघडलं होतं. त्याला अक्कानं तीन नंबर उघडून दिला, नवा टॉवेल दिला, लिंबूपाणी दिलं. तो दहा मिनिटांनी फिकट चेहऱ्यानं बाहेर आला, फार फार आभार मानले आणि पळत बस पकडायला गेला. अक्का बराच वेळ दारात उभी होती, तो सामान घेऊन परत येईल म्हणून.

“रे, चार हजारांतलं एकही माणूस इकडे वळत नाही म्हणजे काय?” ती विचारायची. “माझं काही चुकतंय का? पाटी दिसत नसेल का?”

बॅटरी पाटी रंगवून आला. दुसऱ्यांदा मोठ्या अक्षरांत रंगवली. संमेलनाच्या प्रत्येक संध्याकाळी तो आकडा मात्र सांगत होता, कारण एक दिवस सांगितला नाही तर अक्का का ते विचारेल.

मग नोटीस आली. नगरपालिकेच्या माणसानं ती लॉजच्या दारावर चिकटवली, नव्या पाटीच्या अगदी खाली. पहिल्या दीड वर्षात भवनाला एक लाख ऐंशी हजार पाहुण्यांनी भेट दिली. शहराच्या अर्थव्यवस्थेला मोठी चालना मिळाली. हा उदंड प्रतिसाद पाहता दुसरं सभागृह आणि गाड्यांचा तळ बांधायचं ठरलं आहे. त्यासाठी मागची गल्ली संपादन करण्यात येत आहे. घरमालकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर एकेक खोली. हरकत असल्यास सुनावणीला हजर राहावे.

अक्कानं नोटीस दोनदा वाचली. घर जाणार हे तिला कळलं, पण तिचं बोट एक लाख ऐंशी हजारावर थांबलं.

“हे तूच मोजलेले ना?”

“हो.”

“मग खरं असेल,” ती म्हणाली आणि आत जाऊन पलंगावर बसली.

तिनं त्याला दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बॅटरीला वाटलं. तो जिन्याखाली खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. खाटेखाली त्याची पत्र्याची पेटी होती. थिएटर पाडताना मालकानं नोकरांना सांगितलं होतं, हवं ते घेऊन जा. कुणी पंखे नेले, कुणी खुर्च्या नेल्या. बॅटरीनं न फाडलेल्या तिकिटांची पुडकी आणली होती, बाल्कनीची गुलाबी आणि स्टॉलची पांढरी, आणि अर्धुकांचा तो डबा.

चार दिवसांनी दातांच्या डॉक्टरांचं संमेलन होतं. बॅटरी दोन्ही खिशांत तिकिटं कोंबून दारावर उभा राहिला. पहिल्यांदा आत येणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीला त्यानं गुलाबी तिकीट फाडून दिलं, कामगाराला पांढरं. “परत येताना दाखवायचं हं,” असं प्रत्येकाला बजावलं. कुणीतरी विचारलं, सोडत आहे का? बॅटरी नुसता हसला. अर्ध्या तासात सगळ्या भवनात झालं की संध्याकाळी सोडत आहे, गाडी मिळणार आहे. मग काय विचारता! दातांचे मोठमोठे डॉक्टर ते अर्धुक पाकिटात जपून ठेवू लागले, चहाहून परत येताना आपणहून पुढे करू लागले. एक तर दुसरं मागायला आला, बायकोसाठी. बॅटरीनं बायकोला घेऊन या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या हातात खटका चालूच होता. संध्याकाळी खटक्यानं तीन हजार नऊशे बारा दाखवले. बॅटरीनं डबा भवनाच्या मागच्या पायरीवर उपडा केला आणि मोजायला बसला. गुलाबी पाचशे तीन. पांढरी एकशे सदतीस. सगळी मिळून सहाशे चाळीस माणसं.

त्यानं पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. संमेलन तीन दिवसांचं. उद्या हेच पाचशे तीन पुन्हा येणार, परवा पुन्हा. दीड वर्षाच्या एक लाख ऐंशी हजारांत खरीखुरी माणसं दहा-बारा हजारही नसतील, आणि तीही काचेच्या बसमधली. बाकी सगळा त्याचा अंगठा.

तो आधी मॅनेजरकडे गेला. मॅनेजरनं डब्यात डोकावून पाहिलं.

“खटका बिघडलाय का?”

“नाही साहेब.”

“तुम्ही एखादं माणूस न येता दाबलंत का?”

“नाही.”

“मग आकडा बरोबर आहे.” मॅनेजर वाईट नव्हता. त्यानं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली केला. “काका, वर मागतात तो हाच आकडा. तुमची नोकरी याच्यावर, माझी याच्यावर. तो डबा घरी न्या.”

डबा घेऊन बॅटरी घरी आला. अक्का दोन नंबरमध्ये होती. सहा खोल्यांतल्या चादरी ती दर आठवड्याला बदलायची. कुणी झोपलं नव्हतं तरी धूळ बसते म्हणायची. गाद्यांवरचं प्लास्टिक तिनं अजून काढलं नव्हतं.

त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. अर्धुकं दाखवली. तिला समजायला वेळ लागला नाही. भावोजींना पायरीवर का बसावं लागलं होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“म्हणजे चार हजार नव्हतेच.”

“नव्हते.”

“कधीच?”

“कधीच नव्हते, अक्का.”

“तुला कधी कळलं?”

इथे बॅटरीला खोटं बोलता आलं असतं. आत्ता आत्ताच कळलं, असं म्हणता आलं असतं, आणि मी म्हटलं तसं स्वतःला तो गेले चार दिवस तेच सांगत होता. पण समोर अक्का होती. आई गेल्यावर हिनं त्याला न्हाऊ-माखू घातलेलं. “पहिल्या दिवशी,” तो म्हणाला.

अक्का चादरीची घडी घालत राहिली. घडी झाली, तिनं ती उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

“दीड वर्ष तू माझ्यासमोर जेवायला बसून रोज मला सांगत होतास,” ती म्हणाली. “त्या नर्स पोरीला मी तिच्या परीक्षेच्या तोंडावर काढलं. मास्तरांना काढलं. एकोणीस वर्षांचा माणूस. मी रोज देवासारखा तुझा आकडा ऐकायची रे.” आणि मग ती रडली. भावोजींच्या वेळीही ती चार माणसांत रडली नव्हती. बॅटरी डबा छातीशी धरून उभा राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्यावर करण्यासारखं त्याच्या हातात काहीही नव्हतं.

शेवटी तिनं त्याच चादरीला तोंड पुसलं. “सुनावणीला हे सांग,” ती म्हणाली. “मला सांगितलंस तसंच. सगळ्यांसमोर.”

“नोकरी जाईल.”

“घर चाललंय,” अक्का म्हणाली.

सुनावणी ठेवली होती भवनातच, लहान सभागृहात. सकाळी बॅटरीची दारावर नेहमीची पाळी होती आणि मॅनेजर शेजारी येऊन उभा राहिला होता. गल्लीतली सव्वाशे माणसं आली. चांभार आला, चष्मेवाला आला, कुबड्या सावरत चष्मेवाल्याची आई आली. आपल्या नव्या जागेहून बस बदलत मास्तरही आले. अक्का ठेवणीतलं पातळ नेसून आली. ती उंबरा ओलांडत असताना तिनं भावाकडे पाहिलं, आणि बॅटरीला कळायच्या आत त्याचा अंगठा दाबला गेला होता.

अधिकाऱ्यांनी दहा मिनिटांनी चहाची सुट्टी दिली. सगळे मांडवात गेले, परत आले. मग जेवणाची सुट्टी झाली. चष्मेवाल्याच्या आईला दोनदा बाहेर न्यावं लागलं. अक्काला आत गुदमरत होतं, ती मोकळ्या हवेत जाऊन येत होती. ती चौथ्यांदा आत आली तेव्हा बॅटरीनं हात पाठीमागे नेला. मॅनेजर हळूच म्हणाला, “काका.” बॅटरीनं दाबलं.

दुपारी त्याचं नाव पुकारलं. खऱ्या नावानं पुकारलं, म्हणून कुणी हललं नाही. अक्कानं कोपर मारल्यावर तो उठला. सबंध सत्तावीस वर्षं तो अंधारात प्रेक्षकांच्या पाठी बघत उभा राहिला होता. आता तोंडं त्याच्याकडे होती. त्यानं डबा टेबलावर ठेवला आणि जसं अक्काला सांगितलं तसं सांगितलं. गल्लीतल्या माणसांत कुजबुज झाली. मास्तर उभे राहून ऐकत होते.

सुनावणी अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी एक गुलाबी अर्धुक चिमटीत उचललं, चष्मा वर करून वाचलं. “हे सिनेमाचं तिकीट आहे.”

“हो साहेब.”

“हे थिएटर आता कुठे आहे?”

“आपण बसलोय तिथे.”

मागे कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. “बंद पडलेल्या थिएटरची तिकिटं मला पुरावा म्हणून घेता येणार नाहीत,” ते म्हणाले, आणि समोरची फाईल उघडून त्यांनी तक्त्यांचा गठ्ठा बॅटरीकडे वळवला. “या रोजच्या मोजणीवर सही कुणाची आहे?”

बॅटरीनं पाहिलं. प्रत्येक कागदावर ती झोकदार सही होती, खाली रेघ ओढलेली.

“माझी.”

“कुणी जबरदस्तीनं करून घेतली?”

“नाही.”

“त्या दिवशी जितक्या वेळा माणसं आत आली, तितकाच हा आकडा आहे ना?”

“तितकाच आहे, पण साहेब, माणसं तीच…”

“आपली हरकत नोंदवून घेतली आहे,” अधिकारी म्हणाले. पुढचं नाव पुकारलं गेलं. बॅटरी डबा उचलायला गेला तेव्हा तो कलंडून अर्धुकं जमिनीवर सांडली. ती वेचायला मास्तर पुढे आले, मग अक्का आली. तिघं म्हातारी माणसं टेबलाखाली गुडघ्यांवर बसून गुलाबी-पांढरे कपटे गोळा करत होती आणि वर चांभार आपलं म्हणणं मांडत होता.

संध्याकाळी मॅनेजरनं तक्ता पुढे केला. कार्यक्रम: सुनावणी. पाहुणे: सहाशे अकरा. घर वाचवायला आलेली सव्वाशे माणसं चालना मिळालेल्या शहराच्या पाहुण्यांत जमा झाली होती. त्यांत अक्का चार होती.

“मी सही करणार नाही,” बॅटरी म्हणाला.

“नका करू,” मॅनेजर म्हणाला. तो ओशाळला होता. “पुढच्या महिन्यापासून दारावर आपोआप मोजणारं यंत्र बसतंय. दाबायलाही माणूस लागणार नाही, सहीलाही नाही. मी तुम्हाला सांगणारच होतो.”

बॅटरीनं खटका टेबलावर ठेवला. उभ्या आयुष्यात त्यानं वरच्या माणसाला एकदा ठणकावून नाही म्हटलं, आणि तेही कुणाला नको होतं.

गल्ली रिकामी करायची तारीख दोन महिन्यांनी आली. मास्तर दोरीचं भेंडोळं घेऊन सकाळीच हजर झाले. ते राहत होते तिथे महिन्याच्या बोलीवर एक खोली रिकामी होती, ती त्यांनी अक्कासाठी धरून ठेवली होती. चौथ्या मजल्याचे जिने तिच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. जागेची मालकीण म्हातारपणी भाडेकरू झाली. प्लास्टिकमधल्या सहा गाद्यांपैकी दोन गाडीत मावल्या. चार भिंतीला टेकवून ठेवल्या.

बॅटरी लॉजच्या उंबऱ्यात बसला होता. चांभाराचं कुटुंब गेलं, पाच माणसं. चष्मेवाल्याचं गेलं, आईला धरून सात. कुणी हात केला, कुणी मान फिरवून गेलं. त्याच्या आकड्यानं गल्ली गेली हे आता सगळ्यांना माहीत होतं. तो खाली बघत नव्हता. रिकाम्या मुठीवर त्याचा अंगठा हलत होता.

उन्हं कलली तेव्हा अक्का बाहेर आली. चार नंबरची किल्ली तिनं मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी ती क्षणभर पाहिली आणि खिशात टाकली. मग अक्का भावाजवळ उभी राहिली. त्यानं अर्धुकं दाखवली त्या संध्याकाळपासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

“किती झाले रे?” तिनं विचारलं.

“एकशे पन्नास. तुला धरून.”

“आणि तू?”

बॅटरी उठला, डबा काखेत घेतला आणि उंबऱ्याबाहेर आला. “एकशे एकावन्न.”

कुणीही परत आत आलं नाही, त्यामुळे आकडा चुकायची भीती नव्हती.